एक गाडी, दोन चालक: बाप-लेकीच्या ऑटोक्रॉस सरावाचं एक प्रकरण

वडील 51 वर्षांचे, मुलगी 19 वर्षांची, पक्कं लायसन्स हातात येऊन सहा महिने झालेले. गाडी घरचीच आणि एकच: 2011 ची स्विफ्ट एलएक्सआय, पेट्रोल, 165/80 आर14 चे टायर, एबीएस नाही. जागा म्हणजे नागपूरहून बुटीबोरीकडे जाताना लागणाऱ्या एका खाजगी गोदामाचं काँक्रीटचं आवार, रविवारी रिकामं असणारं. तक्रार अशी की चार रविवार झाले तरी ट्रॅफिक कोन मांडून आखलेल्या मार्गावर मुलीची वेळ 33 सेकंदांच्या खाली उतरत नाही आणि वडील त्याच गाडीत 30.6 लावतात. वडिलांचं निदान: गाडी पुढून घसरते, रुंद टायर आणि कडक स्प्रिंग टाकल्याशिवाय भागणार नाही. मुलीचं निदान एका वाक्यात: "बाबा, तुम्ही बाजूला बसले की मला काही सुचतच नाही."

ही बाप-लेक नमुन्यादाखल उभी केली आहेत आणि खालच्या वेळाही नमुन्याच्याच आहेत. पण घरची एक गाडी दोघांत वाटून सराव करणाऱ्या जोड्यांची गाडी अडते ती बहुतेक याच ठिकाणी.

खेळ थोडक्यात सांगायचा तर मोकळ्या जागेत ट्रॅफिक कोन मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. कोन पाडला तर 2 सेकंदांचा दंड, गेट (दोन कोनांमधली वाट) चुकलं तर फेरी बाद. डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावरचा हा प्रकार अमेरिकेत जास्त रुजला. आपल्याकडे एफएमएससीआय या मोटार खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली होणाऱ्या ऑटोक्रॉस स्पर्धा बऱ्याचदा मातीच्या ट्रॅकवर असतात. सराव मात्र काँक्रीटवर सुरू करावा, कारण तिथे चूक कोणाची, चालकाची की जमिनीची, हे लगेच कळतं.

जागा आणि मार्ग

कागदपत्रांचं आधी उरकून घेऊ. आउटर रिंग रोड पहाटे कितीही रिकामा दिसो, तिथे हे करायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली सार्वजनिक जागी परवानगीवाचून शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून फाटक लागणारं खाजगी आवार, मालकाची लेखी संमती आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आगाऊ पत्र. नेहमीच्या खाजगी गाडीच्या विम्यातून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा इथे गाडी ठोकली तर खर्च घरचाच, हे पहिल्या दिवसाआधी आईसकट सगळ्यांना सांगून टाकावं. मूल अठराच्या आतलं असेल तर ही गाडी सोडा आणि कार्टिंगकडे वळा. अल्पवयीन मुलाच्या हाती रस्त्यावर गाडी दिली तर कलम 199ए पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंतची कैद आणि 25,000 रुपये दंड दाखवतं.

आवार साधारण 160 मीटर लांब, 80 मीटर रुंद. त्यातलं सगळं वापरायचं नाही. भिंत, खांब, उभा ट्रक यांपासून मार्गाची कड किमान 15 मीटर दूर आणि वेगात बाहेर पडणाऱ्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला 25 मीटर मोकळे. यामागचं गणित सोपं आहे. ताशी 60 वरून स्वच्छ काँक्रीटवर साधे टायर गाडी सुमारे 18 मीटरमध्ये थांबवतात. धूळ असेल तर तेच अंतर 28 मीटरपर्यंत जातं. म्हणून मार्ग असा आखायचा की साठच्या पुढे काटा जाण्याची सोयच राहू नये.

धुळीचा विषय नागपुरात दोन ओळींत संपत नाही. आवाराच्या कडेला काळी माती असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि काठच्या काँक्रीटच्या लाद्या तिच्याबरोबर वरखाली होतात. दोन-तीन सेंटिमीटरचा कंगोरा तयार होतो. गाडी आडवी घसरत त्याला टेकली तर रिम वाकते, कधी टायर रिमवरून उतरतो. सकाळी पायी फिरून असे कंगोरे खडूने खुणावायचे आणि मार्ग त्यांच्यापासून लांब ठेवायचा. ट्रकच्या चाकांना लागून हीच माती आत येते आणि वाळली की पिठासारखी पसरते. 15 मीटर त्रिज्येचं वळण स्वच्छ काँक्रीटवर ताशी 39 ने निघतं, धुळीत जेमतेम 31 ने. आठ किलोमीटरचा हा फरक कुठलाही पार्ट देणार नाही. दोन लांब दांड्याचे खराटे आणि चाळीस मिनिटं देतात. फक्त वळणाचा आतला पट्टा झाडून थांबू नये, बाहेरचे चार-पाच मीटरही झाडावेत. गाडी घसरते ती तिकडेच.

या प्रकरणातला मार्ग 300 मीटरचा. सुरुवातीच्या रेषेपासून 20 मीटरवर पहिला कोन, पुढे 18-18 मीटरवर एकूण पाच कोनांची नागमोड, मग 15 मीटर त्रिज्येचं उलट वळण (यू-टर्न), परतीला एकाआड एक सरकवलेली चार गेटं आणि शेवटी 25 मीटरचा थांबण्याचा चौक. गेटांची रुंदी साडेचार मीटर. प्रत्येक कोनाच्या तळाभोवती फक्कीची चौकट ओढायची. कोन आडवा झाला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला तर दंड, उभा राहून चौकटीला टेकून असेल तर माफ. चौकट नसेल तर घरच्या घरात भांडणं होतात आणि कोन दर फेरीला वेगळ्या जागी उभा राहतो, मग वेळांची तुलनाच फोल.

वेळ हातातल्या स्टॉपवॉचने घेऊ नये. बोटाची चूक सहज 0.2 सेकंदांची असते आणि इथे भांडण तेवढ्याचंच असतं. मोबाइल तिपाईवर रेषेच्या सरळीत, गाडीच्या वाटेला काटकोनात लावून 60 फ्रेमने चित्रण करावं आणि पुढचं चाक रेषेवर येण्याची फ्रेम मोजावी. चूक दोन शतांश सेकंदांच्या आसपास राहते. दुसरा मोबाइल उलट वळणाजवळ ठेवला तर मार्गाचे तीन तुकडे वेगळे मोजता येतात. पुढचं सगळं निदान या तुकड्यांवरच उभं आहे.

माणसं कमीत कमी चार लागतात: दोन टोकांना लाल झेंडे घेतलेले दोघे, वेळ मोजणारा एक, फाटकावर एक. 4 किलोचे एबीसी पावडरचे दोन अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, 108 क्रमांक आणि मिहानमधल्या एम्सचा रस्ता सगळ्यांना माहीत. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हाच हंगाम. एप्रिलनंतर सकाळी नवाला हेल्मेटमध्ये डोकं चालत नाही, आणि न चालणाऱ्या डोक्याचा सराव काय कामाचा.

गाडी

पहिल्या दिवशी गाडीत काही घालायचं नसतं, काढायचं असतं. पायपुसणी, पाण्याची बाटली (ब्रेक पेडलखाली जाते ती हीच), डिकीतलं सामान, स्टेपनी, जॅक, चाकांच्या प्लॅस्टिक टोप्या. मग बॉनेट उघडून बॅटरी हलवून पाहायची. बॅटरी बदलताना पट्टीचा नट हरवला आणि तारेने बांधून दिली, असं निम्म्या जुन्या गाड्यांत सापडतं. नागमोडीत ती तार पुरत नाही. व्हील नट 85 न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळायचे आणि पहिल्या तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासायचे. टायरच्या दुकानात हवेच्या गनने आवळलेल्या नटांवर विसंबू नये. इंजिन ऑइल काडीच्या वरच्या खुणेपर्यंत, पेट्रोल पाव टाकीच्या वर. त्याखाली लांब वळणात पंप हवा ओढतो, गाडी एकदम गचका खाते आणि चालक क्लचला दोष देतो.

ब्रेक ऑइल कधी बदललंय हे आठवत नसेल तर बदलायचं वय झालं आहे. ते हवेतलं पाणी ओढतं: ताज्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, पाणी शिरलेल्याचा 155 पर्यंत खाली येतो. एकटा चालक असताना हे जाणवत नाही. एकाच गाडीवर दोघे पाठोपाठ फेऱ्या मारतात तेव्हा सहाव्या-सातव्या फेरीला पेडल मऊ होतं. फेऱ्यांच्या मधे गाडी उभी करताना हँडब्रेकही ओढू नये. मागचे ड्रम तापलेले असतात, थंड होताना ते आकसतात आणि लायनर चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकामागे लाकडी ठोकळा लावावा.

हेल्मेट दोघांचं वेगळं, पूर्ण चेहऱ्याचं, टेपने डोक्याचा घेर मोजून घेतलेलं. बापाचं हेल्मेट लेकीच्या डोक्यावर फिरतं आणि ऐन वळणात डोळ्यांवर येतं. सीटच्या रुळावर पांढऱ्या रंगाने दोन खुणा: वडिलांची नववा खटका, मुलीची पाचवा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर पोचलं की बैठक बरोबर. पट्टा घट्ट बसवायची युक्ती अशी: सीट दोन खटके मागे घ्यायची, पट्टा लावायचा, छातीवरचा भाग झटक्याने ओढून कुलूप बसू द्यायचं आणि तो ताण न सोडता सीट पुढे आणायची. अंग सीटला धरून राहतं, स्टीअरिंगला लटकावं लागत नाही. मुलीच्या पहिल्या चित्रणात ती दर कोनाला स्टीअरिंगला धरून स्वतःला सावरताना दिसते. निम्मी ओढाताण तिथेच संपली.

(बोलेरो, ओम्नी यांसारख्या उंच, वळणात उलटू शकणाऱ्या गाड्या घेऊन कोणी हौसेने आलाच तर त्याला झेंडा द्यावा, सुरुवातीची रेषा देऊ नये.)

डाव्या सीटवरचा आवाज

आता मूळ तक्रार. तीन तुकड्यांच्या वेळा मांडल्यावर चित्र असं दिसलं. मुलगी, शेजारी वडील: नागमोड 14.1, उलट वळण 7.0, परत 12.0, एकूण 33.1. वडील एकटे: 12.2, 7.4, 11.0, एकूण 30.6. म्हणजे अडीच सेकंदांच्या फरकातले 1.9 सेकंद एकट्या नागमोडीत आहेत, आणि ज्या वळणात गाडी पुढून घसरते असं वडील म्हणतात तिथे मुलगी त्यांच्यापेक्षा 0.4 ने पुढे आहे. टायर आणि स्प्रिंगचं निदान इथेच लंगडं पडतं: टायर वाईट असते तर दोघांनाही वाईट असते.

नागमोडीत काय होतं ते गाडीतल्या चित्रणात ऐकू येतं. "आता सोड... वळव, वळव... बेटा, ब्रेक!" सल्ला एकही चुकीचा नाही. चुकीची आहे ती वेळ. ताशी 45 म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. वडिलांनी बघून ठरवायला अर्धा सेकंद, शब्द तोंडातून बाहेर पडायला 0.6, मुलीने ऐकून पाय हलवायला पुन्हा अर्धा. झाले 1.6 सेकंद, म्हणजे 20 मीटर. कोनांमधलं अंतर 18 मीटर. दुसऱ्या कोनासाठी सांगितलेली गोष्ट तिसऱ्या कोनाच्याही दोन मीटर पुढे अमलात येते. नागमोडीत डावं-उजवं आलटून येतं, त्यामुळे उशिरा आलेली सूचना नुसती निरुपयोगी नसते, नेमकी उलटी असते. मुलगी आज्ञाधारक होती म्हणून हळू होती. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा मुलगा असता तर वेळ बरी आली असती आणि घरी वाद झाला असता.

तरी एवढ्यावर निकाल देऊ नये. वडिलांचं वजन 82 किलो आहे; 960-970 किलोच्या गाडीला ते जाणवणारच. आवाजाचा परिणाम किती आणि वजनाचा किती, हे वेगळं करायला हवं. कोणी सुचवतं की सीटवर वाळूचं पोतं ठेवा. ते मुळीच करू नये, पट्ट्यातून निसटलेलं पोतं थेट गिअरवर येतं. साधा मार्ग म्हणजे वडिलांनी बसायचं, पण तोंड बंद. क्रम असा ठेवला: बोलणारे वडील, गप्प वडील, एकटी, आणि शेवटी पुन्हा बोलणारे वडील. शेवटची फेरी महत्त्वाची, नाहीतर सगळी सुधारणा सरावाने झाली असं कोणीही म्हणेल. वेळा: 33.1, 31.6, 31.1, 32.4. वजनाचे अर्धा सेकंद, आवाजाचे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि आवाज परत आला की वेळही परत चढली.

एकटीची अगदी पहिली फेरी मात्र 34.2 होती आणि ती या हिशेबात धरली नाही. ही पायरी बहुतेक घरांत घात करते. आधार काढला की पहिली फेरी बिघडतेच, आणि वडील "बघ, म्हणत नव्हतो" म्हणत पुन्हा डावीकडे जाऊन बसतात. किमान तीन फेऱ्या होऊ द्याव्यात.

इलाज वडिलांना गप्प करणं एवढाच नाही. त्यांना दिसतं ते खरं असतं, फक्त ते गाडी सुटण्याआधी पोचायला हवं. म्हणून दोघांनी मार्ग तीनदा पायी चालायचा. पहिल्यांदा नुसतं बघत. दुसऱ्यांदा मुलीने मोठ्याने म्हणायचं: इथे पाय सोडणार, इथे नजर पुढच्या कोनावर, इथे दुसरा गिअर. वडिलांनी तिथेच दुरुस्त करायचं. तिसऱ्यांदा खाली वाकून, कारण उभ्या माणसाला मार्ग मोकळा दिसतो आणि सीटवरून कोनांची भिंत दिसते. गाडीत असताना एकच शब्द चालेल, "थांब", आणि त्याचा अर्थ पूर्ण ब्रेक, दुसरा काही नाही. फेरी संपल्यावर दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग वडिलांनी एकच विचारायचं, "कुठे सुटली?" उत्तर मुलीने द्यायचं आणि मगच चित्रण बघायचं.

नागमोडीतली तिची खरी चूक यातून सापडली: ती कोन शेजारी आल्यावर स्टीअरिंग वळवत होती. गाडी कोनांच्या रेषेपासून सर्वांत बाहेर जायला हवी ती कोनाच्या किंचित आधी, म्हणजे कोन ओलांडताना ती पुढच्या बाजूला वळलेलीच असते. पहिला कोन उशिरा घेतला तर तो उशीर पाचव्यापर्यंत साठत जातो. पहिल्या कोनाला ताशी तीन-चार किलोमीटर कमी ठेवल्यावर नागमोड 12.6 वर आली.

वडिलांचं वळण

वडिलांची गाडी पुढून घसरते हे खरं होतं, कारण ते उलट वळणात ब्रेक दाबूनच शिरत होते आणि गाडी वळेना म्हणून स्टीअरिंग आणखी पिळत होते. पुढच्या टायरकडे पकड ठरावीक असते. ती थांबवण्यात खर्च केली की वळवायला उरत नाही. वीस-पंचवीस वर्षं रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाचे हात हेच शिकलेले असतात. इथे शिकवणारी मुलगी होती: "बाबा, तुम्ही आत शिरताना अजून ब्रेकवरच आहात, बघा ना लाइट." मागच्या दिव्याची फ्रेम दाखवल्यावर वाद संपला. ब्रेक चार मीटर आधी, सरळ चाकांवर, मग पाय उचलून वळण. 7.4 चे 6.8 झाले आणि बाहेर पडताना गाडी सरळ असल्याने परतीचेही 0.2 वाचले.

यानंतर हवा. 165/80 च्या उंच भिंतीचा टायर रोजच्या 30 पीएसआयवर वळणात खांद्यावर लोळतो. नक्षीच्या कडेपासून भिंतीपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची, तीन फेऱ्या मारायच्या आणि खडू कुठवर पुसला ते पाहायचं. भिंतीवरच्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसला तर ठीक, त्याखाली गेला तर दोन पीएसआय वाढवा, त्रिकोणाच्या बऱ्याच वर राहिला तर उतरवा. इथे पुढे 38, मागे 36 वर गाडी बसली. टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. जानेवारीत सकाळी 12 अंशांवर भरलेली हवा दुपारी 28 अंशांवर उन्हानेच अडीच-तीन पीएसआय चढते, वर दोन चालकांच्या पाठोपाठ फेऱ्या. त्यामुळे दर चालक बदलाला मीटर लावायचं आणि वाढलेली हवा सोडायची. हे केलं नाही तर दुसऱ्या क्रमांकावर चालवणाऱ्याला नेहमी वाईट गाडी मिळते. म्हणून क्रमही दर वेळी उलटायचा.

सत्र संपताना मुलगी 30.4, वडील 29.8. टायर तेच, स्प्रिंग त्याच. घरी जाण्याआधी स्टेपनी परत डिकीत आणि हवा 30 वर, कारण 38 वर वर्धा रोडचा प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो.

पुढचा टप्पा: माती

स्पर्धेत उतरायचं तर मातीवर जावं लागेल आणि तिथे यातलं बरंच बदलतं. हवा पुन्हा तिशीच्या आसपास आणायची, नाहीतर टायर खड्यांवर उडतो. इंजिनखाली स्टीलचा संप गार्ड, पुढे-मागे ओढण्याचे हुक, चाकांमागचे मडफ्लॅप घट्ट. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटका असेल तर आधी बदलायचा. बारीक माती आत गेली की सांधा काही दिवसांत टकटक करू लागतो. एअर फिल्टर प्रत्येक सत्रानंतर काढून झटकायचा. ब्रेक काँक्रीटपेक्षा दीडपट आधी.

अर्ज भरण्यापूर्वी स्पर्धेची पूरक नियमावली दोघांनी वाचावी आणि तीन गोष्टी शोधाव्यात: चालकाची वयोमर्यादा आणि लायसन्सची अट, हेल्मेटचं मान्य मानक, आणि एकाच गाडीवर दोन स्पर्धकांना नाव नोंदवता येतं का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर गाडी मुलीच्या नावावर लावावी. वडिलांनी हवेचं मीटर आणि चित्रणाचा मोबाइल सांभाळावा.